पिल्लू नको, मोठा कुत्रा घ्या

प्राणिमित्र संस्थांच्या दत्तक शिबिरात पिल्लांभोवती झुंबड उडते आणि तीन-चार वर्षांच्या देशी कुत्र्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. माझ्या मते ही निवड उलटी आहे. पिल्लू किती वाढेल, भित्रं निघेल की तापट, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यात लसींचे डोस पूर्ण होण्याआधीच पार्व्होचा आजार गाठू शकतो. उलट्या आणि रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-चार दिवसांत दगावू शकतं. मोठ्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण बहुधा झालेलं असतं. तो मांजराला सोसतो का, एकटा राहिला की भुंकून सोसायटी डोक्यावर घेतो का, हे त्याला तात्पुरतं घरी सांभाळणारा फोस्टर अनुभवाने सांगतो.

‘लहानपणीच आणलं तर वळण लागतं’ हा नेहमीचा आक्षेप. तो निम्मा खरा आहे. कुत्र्याच्या स्वभावाची मुख्य घडण साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात होते. पण संस्थेकडून पिल्लू घरी येईपर्यंत त्यातला बराच काळ रस्त्यावर नाहीतर पिंजऱ्यात सरलेला असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: मार खाल्लेला, घाबरलेला कुत्रा सांभाळणार कसा? पहिले काही दिवस तो सोफ्यामागून हलत नाही, लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही, कुकरची शिट्टी झाली की जागीच लघवी करतो. बिथरला तर मागे सरकून गळ्यातल्या पट्ट्यातून निसटतो, म्हणून छातीचा पट्टाही हवाच. शांत वाटलेला कुत्रा महिनाभराने, घर आपलं वाटू लागल्यावर, पाहुण्यांवर गुरगुरूही शकतो. अशा वेळी प्रशिक्षकाचा खर्च येतो, तो आधीच धरावा. मात्र जेवणाची नि फिरण्याची वेळ पाळली, अंगचटीला गेलं नाही, तर बहुतेक कुत्रे सावरतात. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हस्कीला एसीत ठेवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

घरमालकाची परवानगी, घराची पाहणी, लेखी करार... संस्थांच्या या चौकशांचा लोकांना राग येतो. पण 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही दत्तक घेतलेला भटका कुत्रा पुन्हा रस्त्यावर जाणार नाही, ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावरच टाकली आहे. तेव्हा फोटो पाहून अर्ज भरण्याआधी फोस्टरला फोन करा आणि कुत्र्याच्या खोड्या आधी विचारा.