गंबोरो: कोंबडी वाचते, प्रतिकारशक्ती जाते

आज एका अडचणीपासून सुरुवात करू. पिल्लांना राणीखेतची, म्हणजे मानमोडीची लस वेळेवर दिली, शीतसाखळीही सांभाळली, तरी शेडमध्ये राणीखेत आलाच. मग दोष लसीचा की लस देणाऱ्याचा? कधी कधी दोघांचाही नसतो. त्याआधीच गंबोरो येऊन गेलेला असतो आणि तो कुणाच्या लक्षातही आलेला नसतो.

हे कसं होतं, ते समजायला एक अवयव ओळखून घ्यावा लागेल. पिल्लाच्या विष्ठाद्वाराच्या वर, पाठीच्या बाजूला एक लहानशी पिशवी असते. तिचं नाव बर्सा. इटलीतल्या फॅब्रिशियस या शरीरशास्त्रज्ञाने चारेकशे वर्षांपूर्वी तिचं वर्णन केलं होतं, पण तिचं काम कळायला १९५६ साल उजाडलं. लहानपणी बर्सा काढलेल्या कोंबड्यांमध्ये प्रतिपिंडं नीट तयार होत नाहीत, हे ब्रूस ग्लिक यांच्या प्रयोगांतून दिसलं. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी या पिशवीत तयार होतात. आपल्या शरीरातल्या ‘बी’ पेशींचं नावसुद्धा या बर्सावरूनच आलं आहे!

गंबोरोचा विषाणू नेमक्या याच पेशींवर, त्या कोवळ्या असताना, हल्ला करतो. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, गंबोरो भागात दिसलेल्या या रोगाचं वर्णन १९६२ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हापासून त्याचे तीन मोठे गट समोर आले आहेत.

पहिला गट मूळ प्रकारांचा. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं मलूल होतात, पांढरट पातळ हगवण लागते, बर्सा आधी सुजतो आणि मग आकसतो. इथे फक्त विषाणूच इजा करतो असं नाही. त्याला आवरायला धावून आलेल्या टी-पेशी आणि भक्षक पेशी जी दाहक रसायनं सोडतात, त्यांनीही बर्साचं नुकसान होतं.

दुसरा गट अमेरिकेत १९८०च्या दशकात सापडला. हे बदललेले प्रकार मोठे फसवे. मरतूक जवळजवळ नाही, सूजही फारशी नाही, पण बर्सा काही दिवसांतच आकसून जातो. विषाणूच्या बाहेरच्या कवचातलं प्रथिन थोडं बदललेलं असल्यामुळे जुन्या लसीची प्रतिपिंडंही त्याला पूर्ण अडवू शकत नाहीत.

तिसरा गट अतितीव्र. १९८०च्या दशकाच्या शेवटी तो युरोपात आढळला, पुढे आशियात पसरला आणि १९९०च्या दशकात भारतातही आला. यात दाह इतका भडकतो की अंड्यांच्या जातीच्या तलंगांमध्ये मरतूक ७० टक्क्यांपर्यंतही गेलेली आहे.

आता यातला सर्वांत घातक कोणता? तुम्ही म्हणाल, तिसरा. मेलेल्या कोंबड्या मोजल्या तर तसंच आहे. पण दुसऱ्या गटाचा हिशेब मरतुकीच्या वहीत येतच नाही. तो पुढे राणीखेतच्या फसलेल्या लसीत, वाढलेल्या सर्दीत आणि कमी भरलेल्या वजनात येतो. लागण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झाली, तर पिल्लू आजारी दिसतही नाही, पण प्रतिकारशक्ती कायमची लंगडी होऊ शकते.

गंमत अशी, की अशी कोंबडी गंबोरोविरुद्ध मात्र भरपूर प्रतिपिंडं बनवते. अडते ती बाकीच्या रोगांपुढे. म्हणून रक्ताच्या तपासणीत गंबोरोचा आकडा चांगला दिसला, एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. राणीखेतचा आकडाही बघा.

मग लस? तिथेही पेच आहे. आईकडून अंड्यातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाला सुरुवातीला वाचवतात, पण तीच लसीचा विषाणूही मारतात. फार लवकर दिलेली लस वाया जाते, उशीर केला तर शेडमधला विषाणू आधी गाठतो. तीव्र लस या अडथळ्यातून पार होते, पण ती स्वतःच बर्साला थोडीफार इजा करते. म्हणून लसीचा दिवस आणि तिची ताकद शेजाऱ्याला विचारून ठरवू नये. पिल्लांच्या रक्तातली आईची प्रतिपिंडं तपासून, आपल्या भागात कोणता प्रकार फिरतो आहे हे पशुवैद्यकाला विचारून ठरवावी.

आणि मेलेलं पिल्लू उघडलं, की बर्सा जरूर पाहावा. त्या वयात तो वाटाण्याएवढाच उरला असेल, तर पुढच्या लसी कशावर काम करणार?