औषध एकच, परिणाम निराळा: मूत्रातील खूण काय सांगते?

कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी दिली जाणारी स्टॅटिन वर्गातील गोळी बहुतेकांना मानवते. काही थोड्यांचे मात्र त्याच गोळीने, त्याच मात्रेत स्नायू दुखू लागतात. क्वचित स्नायूंची गंभीर हानीही होते. या फरकाचे एक कारण यकृतात आहे आणि त्याची खूण मूत्रात उमटते.

यकृताच्या पेशींवर वाहक प्रथिने असतात. ‘ओएटीपी१बी१’ हे त्यांपैकी एक. रक्तातील स्टॅटिन पेशीत ओढून घेणे हे त्याचे काम. हे प्रथिन घडविणाऱ्या जनुकात एका अक्षराचा विशिष्ट बदल असेल, तर हे काम मंदावते. औषध रक्तात साचते आणि स्नायूंपर्यंत अधिक पोहोचते. सिम्व्हास्टॅटिनची ८० मिलिग्रॅम मात्रा घेणाऱ्यांचा ब्रिटिश अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आई व वडील या दोघांकडूनही हा बदल आलेल्यांमध्ये, तो मुळीच नसलेल्यांच्या तुलनेत, स्नायुविकाराचा संभव सुमारे सतरापट आढळला.

हे प्रथिन केवळ औषधेच वाहत नाही. रक्तातील हीम हा घटक तयार होताना कोप्रोपॉर्फिरिन नावाचे उपपदार्थ निर्माण होतात. यकृत ते रक्तातून उचलते आणि पित्तात सोडते. उचलण्याचे काम अडले, की ते मूत्रावाटे अधिक बाहेर पडतात.

निसर्गानेच याचा दाखला दिला आहे. फिलिपिन्सचे डॉक्टर आर्तुरो रोटोर व सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये वर्णिलेल्या सौम्य, आनुवंशिक काविळीत मूत्रातील कोप्रोपॉर्फिरिन दुप्पट ते पाचपट वाढलेले असते. ओएटीपी१बी१ आणि त्याचे भावंड ओएटीपी१बी३ ही दोन्ही प्रथिने निकामी असल्याने हा विकार होतो, हे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. डुबिन-जॉन्सन विकारात मात्र पित्तात सोडणारे ‘एमआरपी२’ हे प्रथिन सदोष असते. तेथे कोप्रोपॉर्फिरिनचे एकूण प्रमाण जवळपास नेहमीइतकेच राहते. पण निरोगी माणसात साधारण पाव हिस्सा असणारा त्याचा पहिला प्रकार ८० टक्क्यांहून अधिक होतो. म्हणजे कोणता वाहक बिघडला, हेही मूत्र सांगू शकते.

मग थेट जनुकचाचणीच का करू नये? जनुक जन्मजात क्षमता सांगते. आजची स्थिती नव्हे. अवयव प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन, जनुक निर्दोष असले तरी, हाच वाहक अडवते. अशी अडवणूक शरीरातल्याच पदार्थावरून ओळखता येते. म्हणूनच नवी औषधे तपासताना संशोधक कोप्रोपॉर्फिरिनचे मोजमाप करतात.

या खुणेला मर्यादाही आहेत. शिशाची विषबाधा, यकृताचे आजार आणि मद्यपान यांमुळेही कोप्रोपॉर्फिरिन वाढते. प्रकाशात ते नष्ट होत असल्याने नमुना अंधारात जपावा लागतो. जनुकबदलाचा परिणाम सौम्य असेल, तर एका व्यक्तीच्या नमुन्यावरून निष्कर्ष काढणे कठीण. त्यामुळे स्टॅटिन कोणाला द्यावे हे ठरविण्याची नित्याची चाचणी म्हणून ती अद्याप रुळलेली नाही.

तोवर रुग्णाच्या हाती एक साधा उपाय आहे: चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवणे. स्टॅटिन हृदयविकाराचा धोका कमी करते. किरकोळ दुखण्यामुळे ते परस्पर बंद करू नये. मात्र स्नायू तीव्र दुखत असतील, अशक्तपणा वाटत असेल किंवा लघवी चहासारखी गडद झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.