८१ जुळण्या मांडा, ९ करून पाहा
कारागिरांसाठी हिशेबाची एक उपयुक्त रीत

धंद्यात तोटा नेहमी वाईट मालानेच होतो असे नाही. पुष्कळदा तो न मांडलेल्या हिशेबाने होतो. समजा, एखाद्या दुकानदाराने पाच साइज, सहा रंग आणि दोन प्रकारच्या बाह्या असा शर्ट ठेवायचे ठरवले. बोलताना ही यादी तेरा गोष्टींची वाटते. प्रत्यक्षात ५ × ६ × २ म्हणजे ६० प्रकारचे शर्ट होतात. प्रत्येकाचे दोनच नग घेतले तरी १२० नगांचे भांडवल फळीवर अडकते. बेरीज आणि गुणाकार यांतील हा फरक व्यापाऱ्याइतकाच कारागिरालाही कळला पाहिजे.

धानोऱ्याचा बांबू

आम्ही येथे गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याचे उदाहरण घेतो. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला वन हक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून तेथील ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. बांबू भरपूर आहे, हातात हुन्नर आहे. पण बांबूतील पिष्टमय अंशावर भुंगे पोसतात. खुर्ची गिऱ्हाईकाच्या घरी गेल्यावर तिच्यातून भुसा गळू लागला की ते गिऱ्हाईक पुन्हा दारात येत नाही.

यावर उपाय अनेक सांगितले जातात. बांबू किती वर्षांचा तोडावा : दोन, तीन की चार? भिजवावा कसा : मुळीच नाही, नुसत्या पाण्यात, की बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात? वाळवावा कोठे : सावलीत, उन्हात की धुरावर? शेवटचा हात कोणता : कोरा ठेवावा, तेल लावावे की वॉर्निश? चार प्रश्न, प्रत्येकाची तीन उत्तरे. जुळण्या होतात ३ × ३ × ३ × ३ म्हणजे ८१. एवढे नमुने करून पावसाळाभर सांभाळणे एकट्या कारागिराला कसे परवडावे? म्हणून तो एखादी रीत अंदाजाने धरतो आणि जन्मभर तीच चालवतो.

यादी चुकू नये म्हणून

पहिले काम म्हणजे सगळ्या ८१ जुळण्या कागदावर आणणे. मनाने लिहीत गेलो तर काही सुटतात, काही दोनदा येतात. स्कूटरचा मीटर डोळ्यांपुढे आणावा. शेवटचा आकडा भराभर फिरतो आणि त्याचा फेरा पूर्ण झाला की शेजारचा एक घर सरकतो. तसेच पहिले तीन रकाने स्थिर ठेवून चौथा फिरवावा, मग तिसरा एक घर सरकवावा. एकही जुळणी सुटत नाही.

संगणकावर हेच काम क्षणात होते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात 'आर' ही सांख्यिकीची भाषा तयार केली. ती मोफत मिळते. तिच्यातील 'एक्सपांड डॉट ग्रिड' या आज्ञेला चार याद्या दिल्या की ८१ ओळींचा तक्ता समोर येतो. फरक इतकाच की तेथे पहिला रकाना सर्वांत भराभर फिरतो.

ही रीत जुनी आहे. आठव्या शतकात बसरा येथील अल-खलील इब्न अहमद यांनी अरबी शब्दकोश 'किताब अल-ऐन' रचताना अक्षरे सर्व क्रमांनी फिरवली. तीन वेगळ्या अक्षरांचे क्रम सहा, चारांचे चोवीस. त्यांतील कोणते शब्द वापरात आहेत व कोणते नाहीत, याची त्यांनी निवड केली. आधी सर्व मांडायचे, मग खुणा करायच्या. दुकानदारानेही ६० शर्टांची यादी करून खपणाऱ्यांवरच खूण करावी.

नऊ कोणते?

कारागिराला मात्र काय चालेल हे आधी ठाऊक नसते. त्याने ८१ पैकी नऊ नमुने असे निवडावेत :

दोन वर्षांचा बांबू : सावली-कोरा, ऊन-तेल, धूर-वॉर्निश.
तीन वर्षांचा : ऊन-वॉर्निश, धूर-कोरा, सावली-तेल.
चार वर्षांचा : धूर-तेल, सावली-वॉर्निश, ऊन-कोरा.

प्रत्येक ओळीतील पहिला नमुना न भिजवलेला, दुसरा पाण्यातला, तिसरा द्रावणातला. आता कोणत्याही दोन रकान्यांतील उत्तरे घ्या, त्यांची प्रत्येक जोडी बरोबर एकदा येते. त्यामुळे सावलीच्या तीन नमुन्यांची तुलना धुराच्या तिनांशी केली, तर इतर गोष्टी दोन्हीकडे सारख्याच वाटल्या गेलेल्या असतात.

अशा दुहेरी चौकटींच्या शास्त्रात आपल्या विदर्भाचा वाटा आहे. १७८२ साली ऑयलर या थोर गणितज्ञाने तर्क मांडला होता की ६, १०, १४ अशा आकारांत त्या बनणारच नाहीत. सहाबाबत तो बरोबर निघाला. परंतु १९५९ साली राज चंद्र बोस, अर्नेस्ट पार्कर आणि नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकवलेले शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांनी दहापासून पुढे तो खोटा ठरवला. ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. श्रीखंडे यांचे २०२० साली निधन झाले.

एक सावधगिरी हवी. दोन उपाय एकत्र आल्यानेच गुण येत असेल, तर तो नऊ नमुन्यांत स्पष्ट दिसेलच असे नाही. म्हणून जी रीत सरस ठरेल तिचे आणखी चार-पाच नमुने करून खात्री करावी, मगच मोठी ऑर्डर घ्यावी. नमुन्यासाठी खुर्ची नको, हातभर तुकडा पुरे. प्रत्येकावर क्रमांक व तारीख घालावी आणि वहीत नोंद ठेवावी.

बेकरीवाला, रंगारी, वेल्डर, कोणालाही ही रीत वापरता येईल. कागदावर ८१ ओळी लिहायला एक संध्याकाळ लागते. ती संध्याकाळ वाचवणारा पुढे सबंध हंगाम गमावतो, हे आमच्या कारागीर बंधूंनी ध्यानात ठेवावे.