नकाशातला पिंपळ

वास्तुरचनेच्या अभ्यासासाठी वसईच्या किल्ल्यासारखी जागा घेतली की पहिल्या शीट ठरलेल्या असतात: ऊन, वारा, उतार आणि हिरव्या ठिपक्यांची झाडी. तटबंदी येते ती शेवटी, ‘वारसा’ या मथळ्याखाली. ही वाटणीच मुळात फसवी आहे. वसईचे बुरूज टोकदार कोनांचे आहेत. एका बुरुजावरून शेजारच्या तटाची बाहेरची बाजू सरळ दिसावी, पायथ्याला भिडलेल्या शत्रूला आडोसा मिळू नये, म्हणून तो कोन. म्हणजे तटापुढची मोकळी जमीन हीसुद्धा पोर्तुगीजांनी आखलेलीच वस्तू. १७३९ मध्ये मराठ्यांनी सुरुंग लावून तट फोडला तो याच मोकळ्या पट्ट्यातून पुढे सरकत. आज तिथे झाड उभं असेल, तर किल्ल्याचं काम संपल्याची ती नोंद आहे. ठिपका काढून ती वाचता येत नाही. बुरुजापासून बुरुजापर्यंत नजरेची रेघ ओढावी लागते, आणि ती कोणत्या खोडाला अडते ते पाहावं लागतं.

मग झाडं काढून किल्ला मोकळा करावा, असं कुणी म्हणेल, आणि तटावरच्या पिंपळापुरतं ते म्हणणं खरंही वाटतं. पक्ष्याच्या विष्ठेतून आलेलं बी चुन्याच्या सांध्यात रुजतं, केसाएवढं मूळ ओलाव्यामागे आत जातं, जाड होतं आणि पाचरीसारखं दगड सरकवतं. पण चुना झडून गेलेल्या जागी त्याच मुळांच्या जाळीने दगड आवळून धरलेले असतात. खोड नुसतं तोडलं, तर एक तर नवे फुटवे येतात किंवा मूळ कुजून पोकळी उरते आणि पावसाचं पाणी थेट भिंतीच्या पोटात शिरतं. म्हणून मोजणीत प्रत्येक झाडापुढे एकच प्रश्न हवा: हे भिंत पाडतंय, धरून ठेवतंय, की नुसतं शेजारी उभं आहे? उत्तर प्लॅनमध्ये सापडत नाही, सेक्शनमध्ये सापडतं, आणि तोही मुळापर्यंत खाली नेलेला हवा.

कॉलेजच्या कल्पित प्रकल्पाला एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप जास्त चिवट. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण, हा २०१० पासूनचा कायदा. तो बाजूला ठेवूनच बहुतेक डिझाइनं सुरू होतात. ठेवा. तरी नवी भिंत कुठे थांबवायची हे कशावरून ठरवणार? नजरेची रेघ आणि मुळांचा घेर एकाच कागदावर असले, तर निदान दोन जागा आपोआप बाद होतात.