हार्ड डिस्क पोहोचली, पत्ते हरवले

दहिसर ओलांडलं की मीरा रोड, मग भाईंदर, आणि खाडीच्या पलीकडे नायगाव. पश्चिम रेल्वेच्या या पट्ट्यात कॅमेरा क्वचितच थांबतो. काशीमिऱ्यापासून घोडबंदर रस्त्यावर आणि नायगावच्या बाजूला मालिकांचे सेट आहेत. शहरातल्या हॉलमध्ये साखरपुडे, हळदी, लग्नं, बारशी चालू असतात. मालिकांच्या संकलनाचं पुष्कळ काम अंधेरी-ओशिवऱ्याच्या स्टुडिओंमध्ये होतं, तर लग्नाचं दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा एखाद्या तरुण एडिटरच्या घरी. चित्रीकरण एका जागी, जोडणी दुसऱ्या जागी आणि शेवटचा हात तिसऱ्याच संगणकावर, हे इथलं रोजचं आहे. मधला प्रवास हार्ड डिस्क लोकलमध्ये, कुणाच्या तरी सॅकमधून करते.

डिस्क पोहोचते, प्रोजेक्ट उघडतो. टाइमलाइनवर प्रत्येक कट जागच्या जागी दिसतो, पण पडद्यावर चित्राऐवजी लाल पाटी येते: ‘मीडिया ऑफलाइन’. ॲडोबी प्रीमियर प्रो ही पाटी एकाच वेळी अनेक भाषांत दाखवतं. मेहनत गेली असं वाटून नवखा एडिटर घाबरतो. खरं तर मेहनत शाबूत असते, तुटलेली असते ती जोडणी. ही जोडणी जपणं हे वरकड हमालीचं काम नसून संकलनाचाच भाग आहे, असं मी ठामपणे मानतो. ते करणाऱ्या असिस्टंट एडिटरला तेवढा मान मिळत नाही, याचं वाईट वाटतं.

लाल पाटी येण्याचं कारण साधं आहे. प्रोजेक्ट फाइलमध्ये फुटेज नसतंच. शेकडो जीबी फुटेजवर केलेल्या कामाची प्रोजेक्ट फाइल बहुधा काही एमबींचीच असते, कारण तिच्यात फक्त नोंदी असतात: अमुक फाइल अमुक ठिकाणी आहे, तिचा इथपासून इथपर्यंतचा तुकडा घ्या, त्यावर हा रंग, हा आवाज. प्रीमियरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे दाबून लहान केलेला एक्सएमएल मजकूर. तो उलगडून वाचला तर प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता त्यात सापडतो. विंडोजवर हा पत्ता ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होतो. दुकानातल्या संगणकाने डिस्कला ‘ई’ म्हटलं आणि घरच्याने ‘एफ’, की सगळे पत्ते चुकीचे ठरतात. मॅकवर तेच काम डिस्कचं नाव करतं. नाव बदललं की पत्ता बदलला.

ही अडचण सोडवणं तुलनेने सोपं आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन दोन्ही संगणकांवर त्या डिस्कला एकच अक्षर कायमचं देता येतं. त्यासाठी ‘ई’ किंवा ‘एफ’ऐवजी वर्णमालेच्या शेवटचं एखादं अक्षर घ्यावं, म्हणजे पेन ड्राइव्ह लावल्यावर त्याच्याशी टक्कर होत नाही. खरी हानी होते ती डिस्कबाहेर राहिलेल्या फाइलींनी. संगीत डाउनलोड फोल्डरमध्ये, केटररचा लोगो व्हॉट्सॲपवरून आलेला, निवेदनाचा आवाज डेस्कटॉपवर, नवरीच्या लहानपणचे फोटो कुणाच्या पेन ड्राइव्हवर. टाइमलाइनमध्ये हे सगळं बिनबोभाट वाजतं आणि दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून कामाला हात लावण्याआधी एक मुख्य फोल्डर करावा. फुटेज, आवाज, संगीत, ग्राफिक्स, फॉन्ट, प्रोजेक्ट असे उपफोल्डर त्याच्या आत ठेवावेत, आणि बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू आधी तिथे टाकून मगच प्रोजेक्टमध्ये घ्यावी.

फिल्मच्या काळातही हा प्रश्न होता. तेव्हा संकलक मूळ निगेटिव्हला हात लावत नसे. तो प्रिंटवर काम करी आणि निगेटिव्ह कापणारा कारागीर नंतर तोच कट मूळ फिल्मवर उतरवी. दुवा होता फिल्मच्या कडेवर छापलेल्या क्रमांकांचा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि दर फुटाला क्रमांक पुढे सरकत जातो. कोडॅकने १९९० मध्ये त्याला यंत्राने वाचता येणाऱ्या पट्ट्यांची जोड दिली. टेप आल्यावर ती जागा रीलचं नाव आणि टाइमकोड यांनी घेतली. या पद्धतींचं बळ एकाच गोष्टीत होतं: ओळख वस्तूच्या अंगावरच कोरलेली होती, ती कपाटाच्या कुठल्या खणात ठेवली आहे यावर काही अवलंबून नव्हतं. आजच्या संगणकाने ठिकाणालाच ओळख मानायला सुरुवात केली आणि तिथून हा घोळ वाढला.

नुसत्या फाइलीच्या नावावर विसंबलं तर काय होतं, ते लग्नाच्या कामात दिसतं. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत क्लिपची नावं ‘सी०००१’पासून सुरू होतात, आणि मांडणी तशी ठेवली असेल तर प्रत्येक नव्या कार्डावर पुन्हा ‘सी०००१’. दोन कॅमेरे, प्रत्येकाची तीन कार्डं, म्हणजे एकाच नावाच्या सहा क्लिप. पुन्हा जोडताना, म्हणजे रिलिंक करताना, सॉफ्टवेअरला पहिली सापडेल ती ‘सी०००१’ ते उचलू शकतं. मग सप्तपदीच्या जागी हळदीचं दृश्य येऊन बसतं. ही चूक लाल पाटीपेक्षा वाईट, कारण पाटी ओरडून सांगते आणि ही चूक गप्प राहते. यावर उपाय म्हणजे प्रीमियरच्या ‘लिंक मीडिया’ खिडकीत नावाबरोबर क्लिपचा सुरुवातीचा टाइमकोडही जुळवायला सांगणं, आणि त्याआधी प्रत्येक कार्ड स्वतंत्र फोल्डरमध्ये उतरवणं. फोल्डरच्या नावात तारीख, कॅमेरा आणि कार्ड क्रमांक असावा. कार्डावरची फोल्डररचना मात्र जशीच्या तशी उचलायची. आतल्या व्हिडिओ फाइली तेवढ्या वेचून घेतल्या तर सोबतची माहिती मागे राहते, आणि काही फॉरमॅटमध्ये लांब शॉटचे तुकडे सलग जुळत नाहीत.

मराठी एडिटरच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. इंग्रजी पुस्तिकांत तिला जागा नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला, की वधू-वरांच्या नावांच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उभी राहते. युनिकोड फॉन्ट नसेल तर निदान अक्षरं मराठीच राहतात, घाट तेवढा बदलतो. म्हणून नवं काम युनिकोडमध्येच करावं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त हा फॉन्ट विनामूल्य आहे, त्यामुळे तो प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवून पुढे द्यायला काही अडचण नाही. विकतच्या फॉन्टचं तसं नाही, त्याचा परवाना दुसऱ्या संगणकाकडेही असावा लागतो. आणखी एक खबरदारी: प्रीमियरच्या ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठी वेगळा पर्याय असतो. तो निवडलेला नसलेल्या संगणकावर मराठी लिहायला गेलं, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात. म्हणून तयार शीर्षकांची पारदर्शक पार्श्वभूमीची एक प्रत काढून ठेवावी, आणि सगळी नावं एका साध्या युनिकोड मजकूर फाइलमध्येही असावीत.

डिस्कच्या फॉरमॅटबद्दल थोडक्यात. विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण जोड-सॉफ्टवेअरशिवाय तिच्यावर लिहीत नाही. मॅकची डिस्क विंडोजला सहजी दिसतच नाही. एफएटी३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. दोन्हीकडे चालते ती एक्सफॅट, पण तिच्यात बदलांची नोंदवही, म्हणजे जर्नल, राखण्याची सोय नसते. लिहिणं चालू असताना वायर उपटली तर नुकसान होऊ शकतं, म्हणून डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ करूनच काढावी, लोकल सुटत असली तरीही.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सामान बांधून देण्याची सोय असते. प्रीमियरमध्ये ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ सगळ्या फाइली गोळा करून नव्या जागी प्रत करतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये ‘कलेक्ट फाइल्स’ आहे. आपल्याकडच्या लग्नाच्या स्टुडिओंत वर्षानुवर्षं चालणाऱ्या एडियसमध्ये ‘कन्सॉलिडेट प्रोजेक्ट’ आहे. दाविंची रिझॉल्व्हमध्ये फसगत होते ती अशी: नुसता ‘एक्स्पोर्ट प्रोजेक्ट’ केला तर फुटेज सोबत येत नाही, त्यासाठी ‘प्रोजेक्ट आर्काइव्ह’ करावं लागतं. फायनल कट प्रोमध्ये फुटेज लायब्ररीच्या आत आहे की बाहेर, ते आधी पाहावं. या सोयी वापराव्यात, पण फॉन्ट, प्लगइन आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती त्या सांभाळतील असं धरून चालू नये. नव्या आवृत्तीत जतन केलेला प्रीमियरचा प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही.

अंतर वाढलं की हिशेबही बदलतो. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं आणि अनेक मराठी मालिकांची युनिटं गोवा, सिल्वासा, दमण अशा ठिकाणी गेली. मे महिन्यात गोव्यानेही परवानगी मागे घेतली आणि पुन्हा हलवाहलव झाली. जो डेटा लोकलने तासाभरात अंधेरीला जायचा, त्याच्यापुढे आता शेकडो किलोमीटर होते. अशा वेळी प्रॉक्सीचं, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रतीचं, मोल कळतं. १०० एमबीपीएस दराचं दहा तासांचं फुटेज साधारण ४५० जीबी भरतं. ५० एमबीपीएसच्या जोडणीवरून ते चढवायला वीस तास लागतात. त्याचीच ६ एमबीपीएसची हलकी प्रत २७ जीबी होते आणि सव्वा तासाच्या आत पोहोचते. संकलन हलक्या प्रतीवर करायचं, मूळ फुटेज मागाहून डिस्कने आलं की त्याला जोडायचं. त्यासाठी दोन्हीकडे क्लिपचं नाव, टाइमकोड, फ्रेमरेट आणि आवाजाच्या चॅनेलची संख्या एकच हवी. निगेटिव्ह कापणाऱ्या कारागिराची पद्धत इथे नव्या रूपात परत येते.

प्रत झाली म्हणजे काम झालं असं नाही. आधी फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवावेत. त्यानंतर चेकसम काढावा, म्हणजे फाइलीतल्या प्रत्येक बाइटवरून काढलेला एक आकडा. मूळ आणि प्रत यांचा आकडा एक आला तर प्रत बिनचूक. विंडोजमध्ये हे ‘सर्टयुटिल’ने विनाखर्च होतं, आणि कार्ड उतरवायच्या खास सॉफ्टवेअरमध्ये आपोआप. दोन स्वतंत्र डिस्कवर प्रती होऊन तपासल्या जाईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नये. जुना संगणक पुसण्याआधी त्याची बाह्य डिस्क काढून ठेवावी आणि नव्या संगणकावर प्रोजेक्ट उघडून पूर्ण टाइमलाइन एकदा पुढे न पळवता पाहावी. चुकीची ‘सी०००१’ तिथेच पकडली जाते.

आणि काम देऊन झाल्यावरही प्रोजेक्ट पुन्हा उघडायची वेळ येते. ॲपलने २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्स आणलं तेव्हा फायनल कट प्रो ७ चे प्रोजेक्ट त्यात थेट उघडत नव्हते. पुढे २०१७ च्या मॅकओएस हाय सिएरावर ते जुनं सॉफ्टवेअर चालेनासं झालं. ज्यांनी तेव्हा एक्सएमएल काढून ठेवलं होतं, त्यांना आपली टाइमलाइन दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता आली. म्हणून डिस्क कपाटात ठेवण्याआधी तिच्यावर प्रोजेक्टशेजारी एक्सएमएल आणि ईडीएल, म्हणजे कटांची यादी, असावी. शीर्षकांसह आणि शीर्षकांविना अशा दोन पूर्ण दर्जाच्या मास्टर फाइली असाव्यात. सॉफ्टवेअरची आवृत्ती, फॉन्ट आणि प्लगइन यांची नावं लिहिलेली एक मजकूर फाइलही त्याच फोल्डरमध्ये हवी.