परमिट हातात, मगच खांबावर

लांज्याचा पाऊस आपल्याला नवा नाही. जोराचा वारा सुटतो, आंब्याची नाहीतर काजूची फांदी तारेवर पडते आणि घरात काळोख होतो. मगरिबची नमाज मेणबत्तीच्या उजेडात होते आणि लगेच आपण फोन उचलतो, "लाईट कधी येणार?" त्या वेळी कुणी वायरमन भिजत, बॅटरीच्या उजेडात रानातून लाईन तपासत चाललेला असतो.

आमचा एक जुना विद्यार्थी हेच काम करतो. ईदला घरी आला तेव्हा म्हणाला, "सर, विजेला मी भीत नाही. नियम पाळले तर ती काही करत नाही. साहेबांचा तिसरा फोन आला की मात्र हात कापतात."

नियम साधा आहे. लाईनवर काम करण्याआधी उपकेंद्रातून परमिट घ्यायचे. तिकडे पुरवठा बंद होतो. मग टेस्टरने खात्री करायची, तारा अर्थिंगला जोडायच्या आणि नंतरच हात लावायचा. काम संपल्यावर ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करायचे. त्याशिवाय लाईन सुरू होत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही हातमोजे, बूट, सेफ्टी बेल्ट, हेल्मेट, टेस्टर ही साधने कामगाराला पुरवायला सांगितले आहे. हे नियम २०१० चे होते, २०२३ मध्ये नव्याने आले.

मग चुकते कुठे? गावकरी पुढाऱ्याला फोन करतात, पुढारी साहेबांना आणि साहेब वायरमनला. साहेबांवरही वरून दबाव असतो, हे मान्य. पण खाली उतरता उतरता तो सगळा दबाव खांबावरच्या एका माणसावर येतो. "परमिट नंतर बघू, आधी चढ," असे कुणी म्हटले, तर नोकरीच्या धास्तीने तो चढतो. म्हणून चांगला साहेब तोच, ज्याला हाताखालचा माणूस न घाबरता "आता नाही, साहेब" म्हणू शकतो.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात कोकणात जागोजाग खांब आडवे झाले आणि मदतीला बाहेरच्या जिल्ह्यांतून पथके आली. कोणती तार कुठून येते, हे परक्या माणसाला काय ठाऊक? अशा वेळी त्याचा जीव परमिटच्या कागदावरच असतो.

आपल्या घराकडेही एक जबाबदारी येते. चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला, तर वीज उलटी तारेत जाते. ट्रान्सफॉर्मरमधून ती ११,००० व्होल्टच्या लाईनवरही चढू शकते. परमिट घेऊन काम करणाऱ्याच्याही मग जिवावर बेतू शकते. पावसाळ्याआधी जाणकार इलेक्ट्रिशियनकडून एवढे तपासून घ्यावे.

आणि लाईट गेली तर तक्रार एकदाच नोंदवावी. तासाभराच्या काळोखाने आपले काही बिघडत नाही. त्या वायरमनच्या घरीही मुले वाट बघत असतात.