धुराचे बिस्किट आणि लहान मुले

अर्ध्या मिनिटाची खाण्याची चित्रफीत मुलांनी पाहावी की नाही, हे ठरवताना आपण पदार्थ तिखट की तेलकट एवढेच बघतो. माझ्या मते, त्यातून काय वगळले ते आधी बघावे. ‘धुराचे बिस्किट’च घ्या. तोंडातून वाफा निघतात, पोरे हसतात, चित्रफीत संपते. हा धूर द्रवरूप नायट्रोजनमुळे उठतो. त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. तो पुरता उडून जाण्याआधी गिळला, तर पोटात त्याचा जवळजवळ ७०० पट वायू होतो व जठर फाटू शकते. मे २०२४ मध्ये कर्नाटकाच्या अन्नसुरक्षा खात्याने यावर निर्बंध घातले. थांबायचे ते क्षण मात्र चित्रफितीत नसतातच! माझ्या धाकट्या भावाने ती पाहून एकच विचारले, “दादा, हे कुठे मिळते?”